बाळंतिणीचे पोट आणि धर्माचा प्रश्न

सुटलेल्या पोटाची शस्त्रक्रिया करताना प्लास्टिक सर्जन ओटीपोटाच्या खालच्या कडेला, कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत आडवा छेद घेतात. तिथून त्वचा आणि चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सोडवत नेतात. गर्भ वाढताना दोन बाजूंना सरकलेले पोटाचे उभे स्नायू मधोमध टाके घालून जवळ आणतात, वरची त्वचा खाली ओढतात आणि जास्तीची कापून टाकतात. बेंबी मात्र काढत नाहीत. तिच्याभोवती गोल छेद घेऊन ती देठासकट जागच्या जागी ठेवतात आणि खाली ओढलेल्या त्वचेत तिच्यासाठी नवी खिडकी पाडतात. म्हणजे त्या बाईच्या स्वतःच्या जन्माची खूण शाबूत राहते आणि तिने ज्याला जन्म दिला त्याची खूण निघून जाते. असे करणे योग्य आहे का, हा प्रश्न डॉक्टरांच्या खोलीत कमी आणि घरात जास्त विचारला जातो. धर्म, निसर्ग, मातृत्व असे मोठे शब्द त्यात येतात. ते शब्द गंभीरपणे घेऊनच या प्रश्नाचा विचार करायला हवा.

सुधारणा आणि हौस यांत धर्मांनी फरक केलेला आहे. पोप बारावे पायस यांनी ऑक्टोबर १९५८ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, इटलीतल्या प्लास्टिक सर्जनांपुढे भाषण केले होते. अशा शस्त्रक्रियेचे बरेवाईटपण तिच्यामागच्या हेतूवर अवलंबून असते, असे त्यांनी त्यात मांडले. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ साली मलेशियातल्या पुत्रजया येथे ठराव केला. देहाला त्याचे मूळ रूप परत देणारी किंवा व्यंग दूर करणारी शस्त्रक्रिया त्यात मान्य केली आणि निव्वळ रूप पालटण्यासाठी केलेली अमान्य केली. आपल्या विमा पॉलिसीतही हीच रेघ दिसते. सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही; अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल किंवा डॉक्टरांनी वैद्यकीय गरज लिहून दिली असेल तर मिळतो. रेघ समंजस वाटते, पण बाळंतपण तिच्यात बसत नाही. ते आजार नाही, अपघातही नाही. त्यातून आलेला देह निसर्गानेच दिलेला असतो, म्हणून त्याला व्यंग म्हणवत नाही. आणि मूळ रूप म्हणायचे तरी कोणते? विसाव्या वर्षीचे, लग्नातले, की पहिल्या बाळंतपणानंतरचे? देह रोज बदलतो. त्यातला एक दिवस निवडून त्याला मूळ म्हणण्याचा अधिकार कोणत्याही शास्त्राला नाही. त्यामुळे ही कसोटी इथे लागू पडत नाही आणि आपल्याला दुसरी शोधावी लागते.

ती शोधताना आपल्या परंपरेकडे पाहिले तर पहिला धक्का बसतो. परंपरा बाईला ‘जसे झाले तसे राहू दे’ असे सांगते, हा समजच चुकीचा आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतिणीला तूप-तेल चोळून तिचे पोट मोठ्या स्वच्छ कापडाने गुंडाळायला सांगितले आहे. रिकाम्या झालेल्या जागेत वायूला वाव मिळू नये, हे त्याचे कारण. महाराष्ट्रातल्या घरांतून जुन्या मऊ लुगड्याचा पट्टा करून पोट बांधतात, शेक-शेगडी करतात, मालीशवाली बाई सव्वा महिना येते, त्यामागे हीच समज आहे. चरक आणखी एक गोष्ट सांगतो. सातव्या महिन्यात गर्भिणीच्या पोटावर आणि स्तनांवर ज्या रेघा उठतात त्यांना त्याने ‘किक्किस’ म्हटले आहे. त्यांवर लावायला चंदन आणि कमळाचा लेप दिला आहे, आणि कितीही खाज सुटली तरी खाजवू नये असे बजावले आहे, कारण त्वचा फाटून वैरूप्य येईल. वैरूप्य हा त्याचाच शब्द. म्हणजे त्या प्राचीन वैद्याला गर्भिणीच्या दुखण्याइतकीच तिच्या रूपाची काळजी करणे कमीपणाचे वाटले नाही.

शल्यकर्माचा इतिहासही हेच सांगतो. टिपूशी झालेल्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी कैद झाला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक बसवले. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये त्याचे वर्णन छापून आले आणि युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीला त्यातून चालना मिळाली. कावसजीला नव्या नाकाची गरज श्वासासाठी नव्हती. ती चारचौघांत तोंड दाखवण्यासाठी होती, अब्रूसाठी होती. ती हौस होती असे आजवर कोणी म्हटलेले नाही. लोकांच्या नजरेने होणारे दुःख पुरुषाच्या नाकाच्या बाबतीत खरे मानायचे आणि बाईच्या पोटाच्या बाबतीत खोटे, हा न्याय मला पटत नाही.

पण नाक शत्रूने कापले होते. पोट तर निसर्गाने बदलले, असा आक्षेप यावर येईल. निसर्गाचा हा मान आपण इतरत्र किती राखतो तेही मग पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात चारांतले एक बाळंतपण सिझेरियनने होते. त्याच पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आढळले. नवऱ्यावर नसबंदी झालेली जोडपी ०.३ टक्के होती. पुरुषाचे ऑपरेशन अधिक सोपे आणि कमी जोखमीचे असूनही ही स्थिती आहे. कुटुंबासाठी, राष्ट्रासाठी, बाळासाठी बाईच्या पोटावर सुरी चालते तेव्हा निसर्गाचा प्रश्न कोणी काढत नाही. तीच बाई स्वतःसाठी ऑपरेशन मागते तेव्हा मात्र आपल्याला तत्त्वज्ञान आठवते. हा आक्षेप निसर्गाच्या नावाने येत असला तरी त्याचे मूळ दुसरीकडे आहे. बाईचा देह तिने सोडून बाकी सगळ्यांचा आहे, ही समजूत त्याच्या तळाशी बसलेली आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. देह नाशवंत, त्याला सजवण्यात काय अर्थ, असे संतांनी सांगितले असल्याचा दाखला दिला जातो. संतांचे म्हणणे मात्र याहून बारीक आहे. तुकोबांनी एका अभंगात शरीराचे सगळे दोष मोजले, मग त्याच शरीराचे सगळे गुण मोजले, आणि शेवटी ते वाईटही नाही, चांगलेही नाही असे ठरवले. त्याला भोगाचे सुख देऊ नये, तसेच दुःखही देऊ नये, त्याचा त्यागही करू नये. घाई करायची ती हरिभजनाची. यातली दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो. देहाला दुःख देऊ नये हेही तितक्याच ठामपणे सांगितलेले आहे. आणि वैराग्य हे ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याच्या देहाविषयी आपण घेतलेले वैराग्य म्हणजे निव्वळ बेपर्वाई.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो, आणि त्याला मी अर्धेच उत्तर देऊ शकते. बाईला लाज कोणी शिकवली? ‘मॉमी मेकओव्हर’ या नावाखाली पोट, स्तन आणि चरबी उपसणे यांचा एकत्र सौदा विकला जातो. जणू आई होणे ही बिघडलेली वस्तू आणि ती दुरुस्तीला टाकायची. इथे पुरावा नीट पाहायला हवा. नॉर्वेत पहिलटकरणींचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के बायकांच्या पोटाच्या स्नायूंत फट होती. वर्षभरानंतर ती ३३ टक्क्यांच्या आसपास उरली. बहुतेकींची फट सौम्य होती आणि कंबरदुखीचे प्रमाण फट असलेल्या व नसलेल्या बायकांत सारखेच होते. म्हणजे देहाला वेळ दिला तर तो बरेचसे काम स्वतःच करतो आणि ‘कंबर दुखेल’ अशी भीती घालून शस्त्रक्रिया विकणे खोटेपणाचे आहे. शस्त्रक्रिया लहानही नाही. जखमेत पाणी साचू शकते, पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते, ओटीपोटावरची त्वचा कित्येक महिने बधिर राहते, सहा आठवडे जड काही उचलता येत नाही, तान्हे मूलसुद्धा नाही. बेंबीच्या वरच्या किक्किसरेघा बहुधा तशाच राहतात. पुढे पुन्हा दिवस गेले तर केलेले काम उलटू शकते, म्हणून आणखी मूल हवे असणारीला चांगला सर्जन थांबायला सांगतो.

तर मग बाजाराने पेरलेल्या लाजेवर सुरी हा उपाय आहे का? नाही. ज्या नजरेने लाज पेरली तिच्यावरच उपाय व्हायला हवा आणि ते काम नवऱ्याचे, सासरचे, जाहिरातवाल्यांचे, आपल्या सगळ्यांचे आहे. पण ती नजर बदलेपर्यंत एका बाईने आरशापुढे रोज झिजत राहावे आणि आपल्या सिद्धांतासाठी तिने ते सोसावे, असे सांगायला माझी जीभ धजत नाही. म्हणून मी जी कसोटी मानते ती अशी: हा निर्णय कोणाच्या मागणीवरून होतो आहे? नवऱ्याच्या टोमण्यावरून होत असेल तर तो देहाचा कर आहे आणि नाकारण्याजोगा आहे. बाई स्वतः, पुरेसा काळ जाऊ देऊन, धोके समजून घेऊन तो घेत असेल, तर त्यात पाप कुठे आहे ते मला कोणत्याही धर्मात सापडत नाही. दोन्ही कारणे एकाच मनात गुंतलेली असतात हे मला मान्य आहे. ती सुटी करायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ तिला मिळवून देणे हेच भोवतालच्यांचे कर्तव्य.

या सगळ्या चर्चेत रूपाचा मुद्दा वर येतो आणि दुखणे खाली दबते, याची मला अधिक खंत आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका तपासल्या. त्यांचा निबंध १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला: ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका फक्त ८ टक्के होत्या. अंग बाहेर येणे, खोकताना-शिंकताना लघवी सुटणे, ही दुखणी बाळंतपणाच्या खुणा म्हणून पवित्र मानली गेली आणि मुकाट सोसली गेली. खुणांना पावित्र्य देण्याची खरी किंमत ही आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२२ पासून सार्वजनिक विम्यात गर्भारपणामुळे झालेल्या स्नायूंच्या फटीची शस्त्रक्रिया घेतली. अट अशी की फट किमान तीन सेंटीमीटरची हवी, वेदना किंवा लघवीचा त्रास हवा, आधी व्यायामोपचार करून झालेले हवेत आणि मागच्या बारा महिन्यांत गर्भारपण नसावे. दुखण्याला दुखणे म्हणून नोंदवण्याची ही साधी रीत आपल्याकडेही येऊ शकते.

तुमच्या घरात बाळंतीण असेल तर सव्वा महिना झाल्यावर तिला एकटीला गाठून विचारा: शिंकताना काय होते, बादली उचलताना खाली काही उतरल्यासारखे वाटते का, उठून बसताना पोट मधोमध फुगते का. ती हो म्हणाली तर ‘आम्हालाही झाले होते’ असे म्हणू नका, तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.