सेवा आणि सक्ती

बाबासाहेबांचा उपदेश ऐकून आपल्यापैकी अनेकांच्या वाडवडिलांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले. मग घाणीत हात घालावे लागणारी सेवा बौद्धाने करावी काय, असा प्रश्न आपल्या तरुणांना पडतो. प्रश्न रास्त आहे.

एक उदाहरण पाहू. २३ जून २००० रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनजवळ 'ट्रेझर' हे जहाज बुडाले. त्यातील तेलाने सुमारे १९,००० पेंग्विन पक्षी माखले. १९६८ साली स्थापन झालेल्या 'सॅनकॉब' या समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करणाऱ्या संस्थेच्या मदतीला हजारो स्वयंसेवक धावले. एकेक पक्षी हाताने धुवायचा, त्याला मासा भरवायचा, विष्ठा काढायची. पक्षी चावत. तरीही बहुतेक पक्षी बरे होऊन समुद्रात परतले.

हे काम करून कोणी हीन ठरला नाही. हात धुऊन माणसे घरी गेली. घाण त्यांच्या जन्माला चिकटली नाही. आपल्याकडे मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या जातीला चिकटवली गेली. दोष कामात नव्हता, सक्तीत होता.

अतिसाराने मळात पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतः धुतले. त्यांना त्या कामाला जन्माने कोणी जुंपले नव्हते.

म्हणून जातीने लादलेले काम नाकारा. तो धम्मच आहे. दुःखी जीव दिसला तर स्वेच्छेने पुढे व्हा. तोही धम्मच आहे. आणि 'हे तुमचेच काम' असे कोणी म्हणाला, तर त्याला विचारा, "तुमची पाळी केव्हा?"