फळ्यावरचीं नांवें

अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरास जाणाऱ्या हमरस्त्यावर, नेवासें तालुक्यांत, घोडेगांव लागतें. जनावरांच्या व कांद्याच्या बाजारामुळें तें पुष्कळांस ठाऊक आहे. अशा गांवच्या वाडीवस्तीवरील प्राथमिक शाळेंत नव्यानें रुजू होणाऱ्या गुरुजींपुढें पहिल्याच आठवड्यांत वर्ग शांत कसा ठेवावा हा प्रश्न उभा राहतो. वरवर पाहतां तो व्यवस्थेचा वाटतो. आमच्या मतें तो न्यायाचा आहे.

६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, हें २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचें माप. अर्थात् लहान शाळेंत एकाच्या पदरीं दोन-तीन इयत्ता येणार. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस बंदी केली. छडी गेली हें उत्तमच झालें; परंतु पहिलीस अक्षर गिरवून देण्यासाठीं गुरुजी पाठमोरे झाले कीं तिसरी बोलूं लागते. मग ते एका चुणचुणीत मुलास मॉनिटर नेमतात, त्याच्या हातीं खडू देतात आणि बोलणाऱ्यांचीं नांवें फळ्यावर लिहावयास सांगतात. वर्ग चिडीचूप होतो. आठ वर्षांचें पोर न्यायाधीश झालें. न्यायाची जोखीम मात्र त्यास कोणीं सांगितलेली नसते. ज्याच्याशीं भांडण त्याचें नांव तें आधीं लिहितें, आणि मित्राचें चार बोरांवर पुसून टाकतें. छळास गुरुजींचा हात लागला नाहीं, एवढ्यानें गुरुजी सुटले काय?

या चालीचा इतिहास मौजेचा आहे. १७८९ पासून मद्रासेंत अनाथ मुलांच्या शाळेवर असलेल्या अँड्र्यू बेल यानें तेथील एका देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलीं आणि आपल्या शाळेंत मुलांकडूनच मुलांस शिकविण्याची रीत बसविली. आमच्या पंतोजींच्या शाळेंतहि थोरला धाकट्यास धूळपाटीवर शिकवीत असे. (म्हणून पंतोजींच्या इतर शिक्षांसाठीं कोणीं हळहळूं नये.) तेथें थोरल्याकडे धाकट्याचें अज्ञान सोपविलेलें असे. लंडनांत जोसेफ लँकेस्टर यानें ही पद्धति वाढविली, तेव्हां मॉनिटर अपराधहि टिपूं लागले, आणि अपराध्याच्या गळ्यांत लाकडी ओंडका अडकविण्यापर्यंत मजल गेली.

गुरुजींस हात दोनच, त्यांनीं करावें तरी काय, असें कोणी म्हणेल. कॉलेजांत मुकाट बसणाऱ्या श्रोत्यांपुढें बोलणाऱ्या आमच्यासारख्यांनीं हा आक्षेप उडवून लावूं नये. मॉनिटर हवाच, पण त्याच्या हातीं काय द्यावयाचें, हें तरी गुरुजींच्या स्वाधीन आहे.

सोनईच्या साखर कारखान्याचा हंगाम लागला कीं या भागांत ऊसतोड्यांचे तळ पडतात, आणि त्यांतलें एखादें मूल मध्येंच वर्गांत येऊन बसतें. धडा पुढें गेलेला, ओळख कोणाशींच नाहीं. तें चुळबुळ करणारच. फळ्यावर पहिलें नांव त्याचें लागतें, आणि तें पुसावयास त्याला मित्र नसतो. त्याच्या शेजारीं चौथींतली एखादी वाचणारी मुलगी बसविली, तर वर्गांत गलका थोडा वाढेल. तो ऐकून कोणी वरिष्ठ दारांत येऊन उभे राहिले, तर त्यांस काय उत्तर द्यावयाचें, तें मात्र नव्या गुरुजींनीं आधींच ठरवून ठेविलें पाहिजे.