अंतःस्थ श्रेय आणि 'सिलिकॉन व्हॅली'चे पहिले पर्व

जगाच्या कल्याणासाठी काम करीत असल्याचे सांगणारा मनुष्य त्याच कामातून अमाप संपत्तीचीही अपेक्षा बाळगत असेल, तर त्याच्या सांगण्याला नैतिक अर्थ उरतो काय, हा प्रश्न जुना आहे. एचबीओ या अमेरिकी वाहिनीवर एप्रिल २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'सिलिकॉन व्हॅली' या विनोदी मालिकेच्या आठ भागांच्या पहिल्या पर्वाने तो विलक्षण नेमकेपणाने मांडला. मालिकेच्या जनकांपैकी एक, माईक जज, यांनी स्वतः त्या परिसरात काही काळ अभियंता म्हणून काम केले होते, आणि तेथील माणसांविषयीची त्यांची आस्था विनोदाच्या आडूनही सतत जाणवते.

या प्रश्नाचा विचार करताना अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने 'आफ्टर व्हर्च्यू' (१९८१) या ग्रंथात केलेला एक भेद उपयोगी पडतो. बुद्धिबळ, चित्रकला किंवा शेती यांसारख्या, स्वतःचे निकष असलेल्या सहकारी कर्माला तो 'साधना' या अर्थाची संज्ञा देतो आणि अशा कर्मातून मिळणारी श्रेये दोन प्रकारची मानतो. पैसा, सत्ता व कीर्ती ही बाह्य श्रेये होत. ती अन्य मार्गांनीही मिळतात, आणि एकाच्या वाट्याला अधिक आली की दुसऱ्याच्या वाट्याला कमी येतात. अंतःस्थ श्रेय मात्र ते कर्म केल्यावाचून लाभत नाही, आणि त्या कर्माचा अनुभव नसलेल्याला ते ओळखताही येत नाही. गीतेतील फलत्यागाच्या विचाराशी याचे साम्य वाटले तरी येथे फळाचा त्याग अभिप्रेत नाही. दोन फळांतील विवेक अभिप्रेत आहे.

पहिल्या भागात रिचर्ड हेन्ड्रिक्स या तरुण प्रोग्रामरने गाण्यांसाठी केलेल्या अ‍ॅपची 'हूली' या बलाढ्य कंपनीतील दोन सहकारी खिल्ली उडवतात, पण त्यामागील संक्षेपणाची पद्धत, म्हणजे माहितीचा आकार गुणवत्ता न गमावता घटवण्याची युक्ती, किती असाधारण आहे हे प्रथम त्यांच्याच ध्यानात येते, कारण ती विद्या त्यांना अवगत आहे. त्यानंतर हूलीचा प्रमुख गॅव्हिन बेल्सन एक कोटी डॉलरपर्यंत बोली चढवतो, तर गुंतवणूकदार पीटर ग्रेगरी पाच टक्के हिश्शासाठी केवळ दोन लाख देऊ करतो, आणि रिचर्ड दुसरा प्रस्ताव स्वीकारतो. या निवडीला निःस्वार्थी म्हणणे घाईचे ठरेल, कारण उरलेली मालकी पुढे कितीतरी अधिक मोलाची ठरू शकते. एवढे मात्र खरे की तिच्यामुळे घडवण्याचे काम त्याच्या हाती राहते.

पर्वाचे खरे मर्म दुसऱ्या भागात आहे. ग्रेगरी भागधारणेचा तक्ता, म्हणजे कंपनीत कोणाचा किती वाटा याचा हिशेब, मागतो, आणि जे अद्याप निर्माण झालेले नाही त्याच्या फळाची वाटणी आरंभीच करावी लागते. बिग हेड हा रिचर्डचा जिवलग मित्र, परंतु त्याचे निश्चित काम कोणालाच सांगता येत नाही, म्हणून त्याला वाटा द्यावा की नाही हा पेच उभा राहतो. अखेरीस तो हूलीत बढती स्वीकारतो आणि पुढे, कोणतेही काम नसताना भरघोस पगार घेत, तेथील गच्चीवर वेळ घालवणाऱ्यांत जाऊन बसतो. बाह्य श्रेय सर्वस्वी मिळाले आणि अंतःस्थ श्रेय मुळीच नाही, अशा अवस्थेचे याहून स्पष्ट चित्र क्वचितच आढळेल.

शेवटच्या भागात नवोदित कंपन्यांची जाहीर मंचावरील स्पर्धा जिंकण्याची आशा जवळजवळ मावळली असताना, मित्रांच्या एका असभ्य गणिती थट्टेतून रिचर्डला नवी पद्धत सुचते व तो रातोरात सारा प्रोग्राम पुन्हा लिहितो. त्या रात्री पैसा आणि जगाचे कल्याण दोन्ही त्याच्या मनातून गळून पडलेले असतात. याउलट, त्याच स्पर्धेच्या मंचावर इतर स्पर्धक एकामागून एक जग अधिक चांगले करण्याची ग्वाही देतात. ते खोटे बोलत असतीलच असे नाही, परंतु त्यांच्या बोलण्यातील 'जग' इतके दूरचे आहे की त्याच्याविषयी कोणतेही कर्तव्य चुकण्याची शक्यताच राहत नाही.

तथापि मॅकिंटायरच्या मते प्रामाणिकपणा, धैर्य आणि न्याय यांवाचून अंतःस्थ श्रेय टिकत नाही, आणि साधनेला संस्थेचा आधार अपरिहार्य असला तरी संस्था तिला भ्रष्टही करू शकते. या दृष्टीने पाहता, स्पर्धेतील पन्नास हजार डॉलरच्या पारितोषिकाने रिचर्डची विद्या सिद्ध होते, पण बिग हेडला त्याने न्याय दिला की नाही हा प्रश्न त्या पारितोषिकाने सुटत नाही, आणि त्या हिशेबाच्या तक्त्यात त्याचे उत्तर मांडण्यासाठी रकानाही नाही.