तळघरातला शेजार

चि. सोनूस,



परवा तुझ्या आईचा फोन आला होता. "ताई, ही रात्री दहा-दहाला बारमध्ये जाऊन बसते म्हणे. तुम्ही तिथं आहात, जरा बोला तिच्याशी." बोलते म्हणाले. आता जे बोलणार आहे ते तिला हवं तसं नाही, तेव्हा हे पत्र लगेच घरी पाठवू नकोस.

तिच्या धास्तीचं आधी उरकून टाकते. जॅझ क्लबात एक ड्रिंक घ्यावंच लागतं, पण त्यात दारू असावी असा नियम नाही. मी इतकी वर्षं जिंजर एलवर काढली, एकाही बारटेंडरने नाक मुरडलं नाही. जर्सी सिटीला परतायला न्यू यॉर्कच्या क्रिस्टोफर स्ट्रीटवरून पाथची गाडी रात्रभर असते. उशिरा जरा जास्त वेळ थांबावं लागतं, एवढंच. सोबतीला मैत्रीण ने. झालं.

आता तुझा प्रश्न. "आत्या, मजा आली, पण कळलं काहीच नाही. लोक मधेच टाळ्या वाजवत होते, मी त्यांचं बघून वाजवल्या." अगं, निम्मे लोक तेच करत असतात. पण तू पुण्यात वाढलीस, सवाईच्या मांडवात झोपा काढल्यास, आवर्तन म्हणजे काय हे तुला शिकवायला नको. जॅझमधल्या बहुतेक जुन्या चालींनाही आवर्तन असतं. नेहमीचं म्हणजे ३२ बारांचं, एका बारात बहुधा चार मात्रा. आठ-आठ बारांचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा एका चालीचे, तिसरा निराळा, त्याला ब्रिज म्हणतात. सुरुवातीला चाल सरळ वाजवतात, ते 'हेड'. मग चाल बाजूला राहते, तिच्याखालचे कॉर्ड्स मात्र त्याच क्रमाने फिरत राहतात, आणि एकेक वादक त्या फेऱ्यांवर स्वतःचं काही रचत जातो. अशी एक पूर्ण फेरी म्हणजे एक 'कोरस'. कुणी दोन कोरस घेतो, कुणी दहा. किती घेणार हे पुष्कळदा त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. तो थांबला की टाळ्या. शेवटाकडे ड्रमर आणि बाकीचे चार-चार बार वाटून घेतात, तो आपला सवाल-जवाबच समज. मग पुन्हा हेड, आणि संपलं.

एक गोष्ट मात्र शोधत बसू नकोस, ती म्हणजे सम. आपल्याकडे सगळे समेवर येऊन भेटतात आणि आपण मान हलवून मोकळे होतो. इथे फेरी संपते तिथे सोलो वाजवणारा पुष्कळदा मुद्दाम थांबत नाही, वाक्य पुढच्या फेरीत लोटून देतो. सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं वाटतं. तेवढा ब्रिज ओळखायला शीक. एका चालीत दोनदा-तीनदा 'हा बघ ब्रिज आला' असं मनात म्हणता आलं, की बाकीचं आपोआप सुटत जातं.

पण खरं सांगायचं होतं ते वेगळंच. काही न कळताही तू त्या खोलीत बसली होतीस, आणि त्याचा त्या वाजवणाऱ्यांना उपयोग होता. सवाईच्या मांडवात हजारो माणसं. तू उठून वडा खायला गेलीस तरी गाणाऱ्याला पत्ता लागत नाही. लहान जागेत तसं नसतं. तिथे ऐकणाऱ्याची गणती होते. वाजवणाराही मोजतो आणि मालकही.

मी तुला ज्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड'बद्दल सांगत असते ती जागा बघ. सेव्हन्थ अव्हेन्यू साउथवरचं लाल दार, अरुंद जिना, आणि खाली पाचरीच्या आकाराचं तळघर. टोकाला रंगमंच. माणसं मावतात १२३. मॅक्स गॉर्डन नावाच्या लिथुआनियात जन्मलेल्या गृहस्थाने १९३५ साली क्लब या जागेत आणला. आधी कवी, विनोदी नाटुकल्या, लोकगीतं असं सगळं चालायचं. पूर्णपणे जॅझकडे वळला तो १९५७च्या सुमारास. तिथे खायला काही मिळत नाही. जुन्या स्वयंपाकघरात वादक बसतात, त्यांची ग्रीन रूम तीच. सेट सुरू व्हायची वेळ झाली की सॅक्सोफोनवाला आपल्या खुर्च्यांमधून, 'एक्स्क्यूज मी' म्हणत रंगमंचाकडे जातो. त्याचा कोट तुझ्या खांद्याला घासतो. मला हे फार आवडतं.

तिथे २५ जून १९६१, रविवारी, बिल एव्हान्सच्या त्रयीचं ध्वनिमुद्रण झालं. एव्हान्स पियानोवर, स्कॉट लफारो बेसवर, पॉल मोशन ड्रमवर. दुपारी आणि संध्याकाळी मिळून पाच सेट. त्यातून दोन रेकॉर्ड निघाल्या, 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी'. पियानो-बेस-ड्रम असा मेळ कसा वाजावा याची कल्पनाच त्या दिवसाने बदलली म्हणतात, आणि मला ते पटतं. बेस तोवर बहुतेक वेळा ठोके धरून चालायचा. इथे लफारो पियानोच्या वाक्यात वाक्य मिसळतो, मधेच तोडतो, वर चढतो. तो फक्त २५ वर्षांचा होता. ६ जुलैला, म्हणजे अकरा दिवसांनी, मोटार अपघातात गेला. एव्हान्सने त्यानंतर कित्येक महिने जवळजवळ वाजवलंच नाही.

ही रेकॉर्ड चांगला हेडफोन लावून ऐक. मागे पेले किणकिणतात, कुणी हसतं, गप्पा चालू आहेत, आणि बेस हळुवार झाला की त्या गप्पा जास्तच स्पष्ट ऐकू येतात. इतकी वर्षं जग जे कान देऊन ऐकत आलंय, त्याच्यापासून चार हातांवर बसून माणसं बोलत होती! मला पूर्वी त्यांचा संताप यायचा. आता तेवढा येत नाही. ते रविवारी घराबाहेर पडले, दारात पैसे दिले, म्हणून ती त्रयी तिथे होती. बडबडे म्हणा, पण आले तरी. न येणाऱ्यांचं काय करशील?

कारण न येणारेही पुष्कळ होते. १९४८ साली लॉरेन नावाच्या तरुणीने मॅक्स गॉर्डनच्या मागे लागून पियानोवादक थेलोनियस मंकला व्हॅनगार्डमध्ये आणला. तेव्हा ती 'ब्लू नोट' कंपनीच्या आल्फ्रेड लायनची बायको होती आणि मंकच्या रेकॉर्ड खपवायला वणवण करत होती. प्रेक्षक फिरकले नाहीत. मॅक्स वैतागला. (पुढे लॉरेनने त्याच्याशीच लग्न केलं, आणि तो १९८९ मध्ये गेल्यावर क्लब तिनेच चालवला. हुकलेल्या कार्यक्रमातून जुळलेला संसार!)

त्याच मंकची पुढची गोष्ट तुला माहीत असायला हवी, म्हणजे शहर या लहान जागांशी कसं वागतं ते कळेल. न्यू यॉर्कमध्ये १९४० ते १९६७ दारू विकणाऱ्या ठिकाणी वाजवायला पोलिसांचं 'कॅबरे कार्ड' लागायचं. बोटांचे ठसे द्यायचे, कार्ड बाळगायचं. बिली हॉलिडेचं १९४७ मध्ये गेलं. पुढे ती कार्नेगी हॉलमध्ये गाऊ शकत होती, कोपऱ्यावरच्या बारमध्ये नाही. मंकचं कार्ड १९५१ मध्ये काढून घेतलं, ते १९५७ मध्ये परत मिळालं. सहा वर्षं. मिळाल्यावर तो कूपर स्क्वेअरजवळच्या 'फाइव्ह स्पॉट' नावाच्या साध्या बारमध्ये महिनोन्‌महिने वाजवत राहिला, सोबत सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन. चित्रकारांचा अड्डा होता तो. लोक रांगा लावून येऊ लागले. १९४८ मध्ये ज्याच्यासाठी खुर्च्या भरत नव्हत्या तोच माणूस, तेच बोटं आडवी टाकून वाजवणं.

दुसरा नियम तर आणखी मजेदार. कॅबरेचा परवाना नसलेल्या जागेत तिघांहून जास्त वादक नकोत, आणि तेही फक्त कीबोर्ड आणि तंतुवाद्यांचे. ड्रम नाही, फुंकवाद्य नाही. हा नियम न्यायालयाने १९८०च्या दशकात मोडीत काढला. तोपर्यंत डाउनटाउनच्या कितीतरी बारमध्ये फक्त पियानो आणि बेस ऐकू यायचे. युनिव्हर्सिटी प्लेसवरचं 'ब्रॅडलीज' त्यासाठीच नावाजलेलं. सरकारी खोडीतून अशी एक नाजूक शैली पोसली गेली, याबद्दल कुणाचे आभार मानायचे? ब्रॅडलीज १९९६ मध्ये बंद झालं. क्रिस्टोफर स्ट्रीटवरचा '५५ बार' १९१९ पासून होता, तो २०२२ मध्ये गेला.

म्हणून पैशाचंही स्पष्ट बोलते. तिकीट स्वस्त नाही, तुझ्या स्टायपेंडमध्ये तर नाहीच. पण काही बारमध्ये दारात तिकीटच नसतं. सेट संपता संपता एकजण बादली घेऊन फिरतो. तेव्हा फोनमध्ये डोकं घालणारे तुला दिसतील. तू तसं करू नकोस. तिथे चौघांचा बँड असतो, त्या बादलीचे चार वाटे होतात, आणि बेसवाल्याला त्यातून ते अवजड वाद्य घरीही न्यायचं असतं. महिन्यातून दोनदाच जा, पण बादलीत नोट टाक.

आणि आपलं संगीत, आपली माणसं या सगळ्यात कुठे होती म्हणशील, तर होती. नोव्हेंबर १९६१ मध्ये, लफारो गेल्यानंतर चार महिन्यांनी, त्याच तळघरात कोल्ट्रेनने काही रात्री ध्वनिमुद्रित केल्या. त्यातल्या एका रचनेचं नाव 'इंडिया'. एव्हान्सचं ऐकून लगेच ती लाव. एका सुरावर ठाण मांडून तो आणि एरिक डॉल्फी जे करतात ते तुला परकं वाटणार नाही, फक्त फार मोठ्या आवाजात वाटेल. तो रवि शंकरांचा इतका चाहता होता की मुलाचं नाव रवी ठेवलं. तो रवी कोल्ट्रेनही सॅक्सोफोन वाजवतो, आणि व्हॅनगार्डमध्येही वाजवतो.

दुसरा माणूस तर तुझ्याच जातकुळीचा. पूर्व बंगालचा बादल रॉय १९६८ मध्ये संख्याशास्त्र शिकायला न्यू यॉर्कला आला. खिशात फार काही नाही, म्हणून भारतीय रेस्टॉरंटमध्ये काम करायचा आणि ग्रीनिच व्हिलेजमधल्या एका रेस्टॉरंटात सतारीबरोबर तबला वाजवायचा. तिथे जॉन मॅकलॉफलिन नावाचा गिटारवाला येऊन ऐकायचा. त्याच्याबरोबर १९७१ मध्ये रेकॉर्ड झाली, आणि १९७२ मध्ये बादल माइल्स डेव्हिसच्या 'ऑन द कॉर्नर' या रेकॉर्डवर तबला वाजवत होता. त्या रेस्टॉरंटातले बाकीचे लोक बहुधा नानची वाट बघत असतील. ऐकत होता एक. तुझी एमएसची डिग्री मात्र पुरी कर हो. मला तुझ्या बाबाला तोंड दाखवायचंय.

मी काय करते ते सांगते, पटलं तर घे. नावाजलेला कलाकार बघून जात नाही. त्यांची तिकिटं संपलेली असतात आणि निम्मे लोक फोटोसाठी आलेले असतात. (व्हॅनगार्डमध्ये फोटो-रेकॉर्डिंगला मनाई आहे. उत्तम.) मंगळवार-बुधवार गाठते. व्हॅनगार्डमध्ये बहुतेक वेळा मंगळवार ते रविवार एकच बँड असतो, त्यामुळे आठवडा सरताना तेच लोक वेगळेच वाजवतात. जमलं तर एकच बँड दोनदा ऐक. दुसरा सेट घे. पहिल्या सेटचे पर्यटक जेवायला गेलेले असतात आणि वादकांचे हात सुटलेले असतात. 'स्मॉल्स'सारख्या ठिकाणी मध्यरात्रीनंतर जॅम असतो, तिथे तुझ्या वयाची मुलं वाद्याची पेटी उराशी धरून नंबर लागायची वाट बघतात. तोही एकदा बघ. कुणीतरी फेरी चुकतं, पियानोवाला हळूच मोठा कॉर्ड देऊन त्याला परत आणतो, आणि ते फक्त त्या पियानोवाल्याला आणि तुलाच कळलं असं तुला वाटतं. आणि बेसचा सोलो चालू असताना बोलू नकोस. एवढं एक आत्याचं ऐक.

सोमवारी व्हॅनगार्डमध्ये मोठा ऑर्केस्ट्रा असतो. थॅड जोन्स आणि मेल लुइसने फेब्रुवारी १९६६ मध्ये सुरू केला. थॅड डेन्मार्कला गेला, मेल १९९० मध्ये वारला, नाव बदलून 'व्हॅनगार्ड जॅझ ऑर्केस्ट्रा' झालं, पण सोमवार चालूच आहे. सोळा वादक आणि १२३ खुर्च्या, म्हणजे जवळजवळ दर आठ श्रोत्यांमागे एक वादक. तुझ्या मिडटर्म संपल्या की दहाच्या सेटची दोन तिकिटं काढ, पैसे मी पाठवते. जागा राखीव नसतात, तेव्हा तू आधी जाऊन रांगेत उभी राहा. मला एडिसनहून यायचंय आणि टनेलचा भरवसा नाही. ड्रमच्या बाजूची, भिंतीलगतची बाकं मिळाली तर धर. ट्रम्पेटच्या अगदी समोर नको, माझे कान आता साठीचे आहेत.

तुझी,
आत्या