उसन्या हत्याराचा धर्म

सोलापुरी चादरीच्या मागावर जॅकार्डचें यंत्र बसविलेलें असतें. भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यांतून फिरते. जेथें भोंक तेथें ताण्याचा धागा उचलला जातो, जेथें नाहीं तेथें तो खालीं राहतो, आणि नक्षी उमटते. जोसेफ मारी जॅकार्ड यानें ही युक्ति १८०४ सालीं फ्रान्सांत सिद्ध केली. माग चालविणारा विणकर पुठ्ठ्यावरचें एकेक भोंक वाचीत बसत नाहीं; दुसऱ्यानें पाडलेल्या पुठ्ठ्यावर भरंवसा ठेवून तो विणतो. मग चादर बिघडली तर दोष कोणाचा?

हाच प्रश्न संगणकावर काम करणारापुढें आज नव्या रूपानें उभा आहे. पायथनसारख्या भाषेंत परक्यानें लिहिलेलें पॅकेज सार्वजनिक भांडारांतून उतरवून घेतलें, म्हणजे तें नुसतें पडून राहतें असें नाहीं. पुष्कळ पॅकेजें बसतांना आपल्या नांवाची एक लहानशी किल्ली ठेवून देतात; टर्मिनलमध्यें तें नांव टंकिलें कीं हत्यार चालूं लागतें. जावास्क्रिप्टच्या जगांतला एनपीएक्स हा सेवक तर त्याहून तत्पर: हत्यार घरांत नसेल तर तो भांडारांतून आणून चालवितो. अलीकडे तो आधीं विचारतो खरा. पण होकार देणारें बोट आपलेंच असतें.

सोलापुरांतील एका ओळखीच्या यंत्रमागवाल्यानें कामगारांच्या मजुरीचे हिशेब एका सांच्यांतून दुसऱ्यांत बदलून देण्यासाठीं आमच्या स्वाधीन केले होते. आम्हीं घाईनें हत्याराचें नांव टंकिलें, तों त्यांत एक अक्षर चुकलें. त्या नांवाचें भांडारांत कांहीं नव्हतें म्हणून निभावलें. असतें तर? अशा चुकीच्या अक्षराची वाट पाहत बसलेलीं फसवीं पॅकेजें भांडारांत वारंवार सांपडलीं आहेत. आणि चालविलेलें हत्यार आमच्याच अधिकारानें चालतें. जें आम्हांस वाचतां येतें तें त्यालाहि वाचतां येतें, जें आम्हांस पुसतां येतें तें त्यालाहि. ते आंकडे आमचे नव्हते. विश्वास मात्र आमच्यावर टाकलेला होता.

येथें कोणी म्हणेल कीं, प्रत्येक ओळ वाचल्यावांचून हत्यार उचलूं नये असा नियम केला तर काम बंद पडेल. हें आम्हांस मान्य आहे. एका पॅकेजाच्या पोटांत दुसरीं अनेक असतात. २०१८ सालीं इव्हेंट-स्ट्रीम या लोकप्रिय पॅकेजाची व्यवस्था मूळ कर्त्यानें मदतीस आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोंपविली, आणि त्यांत मागाहून जोडलेल्या एका लहान पॅकेजांत बिटकॉइनच्या थैल्या लुटण्याचा डाव निघाला. वापरणारांनीं नांव अचूकच टंकिलें होतें. तेव्हां फसविलें जाणें हें पाप नव्हे.

पण फसणें निराळें आणि गाफील राहणें निराळें. विणकराची चूक चादरीवर डोळ्यांना दिसते. हत्याराची दिसेलच असें नाहीं, म्हणून सावधगिरी आधीं बाळगावी लागते. पिप-एक्स प्रत्येक हत्याराला निराळी खोली देतो, ती हत्यारें एकमेकांत गुंतूं नयेत म्हणून; ती तुरुंगाची कोठडी नव्हे. कर्त्याकडे बोट दाखवूनहि सुटका नाहीं. त्यानें वस्तु फुकट दिली, आणि आपण कसलीहि हमी देत नाहीं असें बहुधा परवान्यांतच लिहून ठेवलें. दात्यानें हमी नाकारली, यंत्राला विवेक नाहीं. मग जबाबदारी उरते ती आज्ञा देणाराचीच.

ती किती? आमच्या मतें, दुसऱ्याचें जितकें पणाला लागलें असेल तितकी. स्वतःच्या कौतुकासाठीं हवें तें चालवावें. परंतु परक्याची ठेव हातीं असतां नांव अक्षर न् अक्षर ताडून पाहावें, पारखलेली आवृत्तिच कायम धरावी, हत्याराला कामापुरता अधिकार द्यावा, आणि ठेवीची नक्कल आधीं काढून ठेवावी. त्या दिवशीं आम्हीं हें सर्व केलें आणि मगच नांव पुन्हां टंकिलें. काम संपावयास रात्र झाली; मजुरी मात्र दुसऱ्या दिवशीं बरोबर वांटली गेली.