मार्च एंडचा वसंत

आपल्याकडे वसंत अगदी अडनिड्या वेळी येतो. ऑफिसात मार्च एंडची धांदल, बँकेत हिशेब मिटवायची घाई, घरात कुणाची तरी दहावी नाहीतर बारावी. पाडव्याला सकाळी गुढी उभारायची, कडुनिंब, गूळ, हिंग, ओवा अशी चिमूट तोंडात टाकायची, दुपारी श्रीखंड-पुरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच पळापळ. मनाशी आपण ठरवून टाकतो, आता सगळं मे महिन्याच्या सुट्टीत. पुस्तकं सुट्टीत, सिनेमे सुट्टीत, फिरणंही सुट्टीत. पण मे उजाडेपर्यंत पिंपळाची पालवी जून झालेली असते, पांगाऱ्याची फुलं केव्हाच गळून गेलेली असतात आणि वाट्याला येतो तो नुसता उकाडा. वसंत कामाच्या दिवसांतच येतो आणि कामाच्या दिवसांतच निघून जातो. तेव्हा त्याची मजाही कामाच्या दिवसात मावेल एवढीच, थोडी थोडी घ्यायची सवय लावून घ्यावी.

पुस्तकाचंच बघा. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ बऱ्याच घरांच्या कपाटात असतं. १९५६ साली ते पहिल्यांदा आलं. मराठी महिने बारा आणि प्रत्येक महिन्यावर एक लेख. पुस्तक हातात आलं की आपण ते सलग वाचायला बसतो, आषाढापर्यंत पोचतो आणि तिथंच खूण घालून ठेवून देतो. त्यापेक्षा सोपी रीत आहे. चैत्राचा लेख चैत्रात वाचावा, वैशाखाचा वैशाखात. एक लेख म्हणजे दोन-तीन सकाळचे चहा. दुर्गाबाई झाडाफुलांचं नुसतं कौतुक करत नाहीत, पान कसं फुटतं, रंग कसा पालटतो, हे बारकाईनं बघून सांगतात. ते वाचून बाहेर पडलं की बसथांब्याजवळच्या पिंपळाकडे मान आपोआप वर जाते. त्याची कोवळी पानं तांबूस असतात, गुलाबीकडे झुकणारी. इतकी पातळ की उन्हात धरली तर शिरा न् शिरा दिसते. दिवसागणिक रंग बदलत जातो. आधी पोपटी, मग हिरवा, मग नेहमीचा गडद, धुळीचा. वर्षातला हा एवढाच काय तो त्याचा नटण्याचा काळ. बस यायला उशीर झाला म्हणून आपण चिडतो, त्या पाच मिनिटांत हे बघून होतं. कडुनिंबाचंही तसंच. गाडी त्याच्या सावलीत लावली तर सीटवर पांढऱ्या बारीक फुलांचा सडा पडतो. फडक्यानं झटकून टाकण्याआधी एकदा वास घेऊन बघा. झाड कडू म्हणून प्रसिद्ध, पण फुलांचा वास मंद गोड असतो.

सिनेमाला वेळ जास्त लागतो, हे खरं. पण घरी बघायचा तर तो एका रात्रीत संपवलाच पाहिजे असं कुठं आहे? जेवणानंतर निम्मा, उद्या निम्मा. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ असाच बघण्यासारखा आहे. २०१६च्या चित्रपटांत त्याला सुवर्णकमळ मिळालं. मनानं पार खचलेला एक तरुण मुलगा, त्याला घरी आणून न बोलता सांभाळणारी एक बाई आणि कोकणचा किनारा. गोष्टीत धावपळ नाही, मारामारी तर नाहीच. ज्यांना दर दहा मिनिटांनी काहीतरी घडायला हवं, त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला तो या दिवसांतला सिनेमा वाटतो, कारण त्यात दिसणारी कासवं खरोखरच या दिवसांतली. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. मागं वळून बघायलाही येत नाहीत. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं वर येतात. म्हणजे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास त्यासाठी आता सगळ्यांना ठाऊक झालंय. तिथं २००२पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेनं गावकऱ्यांबरोबर अंडी जपायला सुरुवात केली. पिल्लं बाहेर आली की त्यांना उचलून थेट पाण्यात सोडत नाहीत. वाळूवर ठेवतात. तळहातावर मावेल एवढा तो जीव, वल्ह्यांसारखे पाय मारत, थांबत, पुन्हा निघत, आपला आपण लाटेपर्यंत जातो. माणसं दोरीमागं गप्प उभी असतात. सगळ्यांना काही वेळासला जायला जमणार नाही. सिनेमा मात्र घरात बसून जमतो.

आणि जिभेचं काय? आपल्या जुन्या बायका याबाबतीत फार हुशार. चैत्रगौर बसते तृतीयेला आणि राहते थेट अक्षय्य तृतीयेपर्यंत. हळदीकुंकवाला अमुकच दिवस हवा असा हट्ट नाही. महिनाभरात ज्या घराला जी संध्याकाळ सोयीची, ती त्यांची. ऑफिसातून येताना दहा मिनिटं डोकावायचं, ओल्या हरभऱ्यांची ओटी, पन्ह्याचा पेला, वाटीभर आंब्याची डाळ आणि चार गप्पा. घरात गौर बसवत नसाल तरी डाळ करायला कुणाची आडकाठी नाही. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवायची, पाणी पूर्ण निथळून जाडसर वाटायची. गंधासारखी बारीक झाली तर मजा गेली. त्यात किसलेली कैरी, मीठ, चिमूटभर साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. वरून मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरचीची फोडणी, तीही जरा गार करून घातलेली. आज करायची असेल तर डाळ आत्ताच, डबा भरता भरता भिजत टाका. फक्त भांडं ओट्यावर ठेवून जाऊ नका, फ्रीजमध्ये ठेवा. या उकाड्यात संध्याकाळपर्यंत ती आंबून जाते. कैरी येताना घ्या. तोतापुरी नको, आंबट बघून घ्या.