फलत्याग आणि फौजी मसलत

खडकवासल्याच्या जलाशयाकाठी, १९५५ साली उद्घाटन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत ‘सेवा परमो धर्मः’ हे ब्रीद शिरोधार्य मानून तरुण छात्र सेनाधिकारी होतात. परंतु ज्या सेवेला परमधर्म म्हणावयाचे तिचे फळ सेवकाच्या स्वाधीन नसते, हे त्यांच्या ध्यानी केव्हा येत असेल, हा प्रश्न कोल्हापूरकडचे लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांची कारकीर्द पाहताना माझ्या मनात वारंवार येतो.

१९४५ च्या जानेवारीत, आराकानातील कांगॉच्या लढाईत, त्यांच्या पंजाब पलटणीने जपान्यांच्या हातची टेकडी घेतली आणि त्यांना डी.एस.ओ. हे पदक मिळाले. तेथे कर्म आणि फळ यांत अंतरच नव्हते. शिवाय मरणाच्या दारात उभा असलेला मनुष्य फळाचा हिशेब मांडीत बसत नाही.

कसोटी लागली ती १९५३ साली, युद्ध थांबल्यावर, कोरियात. मायदेशी परतण्यास नाखूष अशा सुमारे २२,००० चिनी व उत्तर कोरियन युद्धबंद्यांचा ताबा भारतीय फौजेकडे आला व तिची सरदारकी थोरातांकडे. कोणत्याही पक्षाला ही फौज आपली वाटत नव्हती. दक्षिण कोरियाच्या सरकारने तर तिला आपल्या भूमीवर पाऊल ठेवू दिले नाही, म्हणून जवानांना हेलिकॉप्टरांतून छावणीत उतरवावे लागले. बंद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला कुंपणाआड डांबले, तेव्हा थोरात स्वतः आत शिरले आणि एकही गोळी न झाडता त्याला सोडवून घेऊन आले. पुढे काही प्रसंगी गोळीबार टळला नाही, हेही सांगितले पाहिजे; संयमाचे व्रत संकल्पाइतके निर्मळ पार पडतेच असे नाही.

तथापि फलत्याग म्हणजे फळाविषयी बेफिकिरी, असा जो अर्थ पुष्कळांनी करून ठेवला आहे, तो मला सर्वथा अमान्य आहे. पूर्व विभागाचे सेनापती असताना थोरातांनी १९५९ मध्ये ईशान्य सीमेवरील धोक्याची लेखी मसलत दिली, १९६० च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाच्या युद्धाभ्यासात ती पडताळून दाखविली. दिल्लीच्या दप्तरात तिचे चीज झाले नाही. फळाची ज्याला फिकीर नाही तो एवढी यातायात कशाला करील? त्यांना फळ हवेच होते, आणि ते स्वतःसाठी नव्हते. निष्कामतेची खरी जागा मला येथे दिसते. १९६१ साली ते निवृत्त झाले. दुसऱ्याच वर्षी, ऑक्टोबरात, चिनी फौजा नेफात, म्हणजे त्याच ईशान्य सीमेवर, उतरल्या.